युरोपीय संघाच्या कृषी धोरणात पर्यावरणाची उद्दिष्टे नेमकी कुठे अडतात?

धोरणवाचक (प्रश्न)

नमस्कार. युरोपीय संघाच्या सामायिक कृषी धोरणाचा मी सध्या अभ्यास करते आहे आणि एका मुद्द्यापाशी वारंवार अडते आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

संघाचा पाया घालणाऱ्या १९५७ च्या रोम कराराने शेतीधोरणासमोर पाच उद्दिष्टे ठेवली होती: उत्पादकता वाढवणे, शेतकऱ्यांना चांगले राहणीमान मिळवून देणे, बाजार स्थिर ठेवणे, पुरवठ्याची हमी देणे आणि ग्राहकाला वाजवी दरात अन्न मिळेल हे पाहणे. महायुद्धानंतरची टंचाई ज्यांनी भोगली होती, त्यांनी ही यादी केली होती. तीत पर्यावरण नसावे हे समजण्यासारखे आहे. मात्र संघाच्या आजच्या करारातील ३९ वे कलम वाचले, तरी तीच पाच उद्दिष्टे जवळजवळ जशीच्या तशी आढळतात. त्याच कराराचे ११ वे कलम सांगते की पर्यावरणरक्षणाच्या गरजा संघाच्या सर्व धोरणांत सामावून घेतल्या पाहिजेत. ही दोन्ही कलमे एकाच वेळी लागू आहेत, आणि प्रत्यक्षात मात्र पहिल्याचेच पारडे जड राहिलेले दिसते.

प्रयत्न झाले नाहीत असे म्हणता येत नाही. १९९२ मध्ये पर्यावरणपूरक शेतीसाठी स्वतंत्र साहाय्य सुरू झाले, २००३ च्या सुधारणेने शेतकऱ्यांना मिळणाऱ्या थेट अनुदानाला पर्यावरणविषयक अटी जोडल्या, २०१३ च्या सुधारणेने थेट अनुदानाचा ३० टक्के हिस्सा ‘हरित’ ठरवला आणि २०२३ पासून किमान २५ टक्के रक्कम ऐच्छिक पर्यावरण योजनांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. तरीही युरोपीय लेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार हरित अनुदानामुळे संघातील जेमतेम ५ टक्के शेतजमिनीवर शेतीची पद्धत बदलली. २०२१ च्या त्यांच्याच अहवालात असे नोंदवले आहे की २०१४ ते २०२० या काळात कृषी धोरणातील १०० अब्ज युरोंहून अधिक खर्च हवामानविषयक म्हणून मोजला गेला, पण शेतीतील उत्सर्जनात २०१० पासून फारसा फरक पडला नाही.

माझा प्रश्न असा आहे की दोष उद्दिष्टांच्या दुबळेपणात आहे, पैसे वाटण्याच्या रीतीत आहे, की धोरण शेताच्या बांधापाशीच थांबते आणि अन्नाच्या उरलेल्या प्रवासाकडे पाहत नाही, यात आहे? आणि हे जिथे खरोखर साधले, असे एखादे ठिकाण आहे का?

नत्रचक्र

आपण मांडलेल्या तीन शक्यतांपैकी मी दुसरीला सर्वाधिक महत्त्व देईन. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ऐंशीच्या दशकापर्यंत हे धोरण भावाच्या हमीवर चालत होते. जितके पिकेल तितके हमीभावाने विकले जाई, त्यामुळे लोणी, दूधभुकटी आणि धान्य यांचे प्रचंड साठे झाले आणि १९८४ मध्ये दुधाच्या उत्पादनावर कोटा, म्हणजे कमाल मर्यादा, लावावा लागला. १९९२ मध्ये तत्कालीन कृषी आयुक्त रे मॅकशॅरी यांनी धान्य आणि गोमांस यांचे आधारभाव कमी केले व त्या नुकसानीची भरपाई म्हणून हेक्टरी व जनावरामागे रक्कम देण्यास सुरुवात केली. २००३ मध्ये तेव्हाचे कृषी आयुक्त फ्रान्झ फिशलर यांच्या सुधारणेने ही रक्कम उत्पादनापासून बऱ्याच अंशी वेगळी केली. अशा रीतीने भावातील कपातीची भरपाई म्हणून आलेली रक्कम कायमची झाली आणि जमिनीच्या आकाराशी बांधली गेली. आजही थेट अनुदानाचा साधारण ८० टक्के भाग सुमारे २० टक्के लाभार्थ्यांकडे जातो. ज्या रकमेकडे शेतकरी, बँका आणि जमिनीचे खंड ठरवणारे सगळेच हक्काचे उत्पन्न म्हणून पाहतात, तिला नंतर अटी जोडल्या की त्या अटी कोणाचेही अनुदान थांबणार नाही इतक्या सौम्य ठेवण्याचा दबाव येतो. २०१३ च्या सुधारणेत नेमके हेच झाले. पंधरा हेक्टरांहून अधिक लागवडीची जमीन असणाऱ्याने ५ टक्के क्षेत्र निसर्गासाठी ठेवावे असे ठरले, पण त्या ५ टक्क्यांत द्विदल पिके आणि दोन हंगामांमधली आच्छादन पिकेही चालत असल्यामुळे बहुतेकांना वेगळे काही करावेच लागले नाही.

२०२३ च्या नियमांत ४ टक्के जमीन पडीक किंवा अनुत्पादक ठेवण्याची अट त्यामानाने स्पष्ट होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर तिला पहिल्या वर्षी सवलत मिळाली, २०२४ च्या आरंभी पुन्हा सवलत मिळाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिचे बंधनच काढले गेले. त्याच दुरुस्तीने दहा हेक्टरांपेक्षा लहान शेतांना या अटींच्या तपासणीतून आणि दंडातून वगळले. लहान शेतकऱ्यांचा कागदोपत्री त्रास कमी झाला, याबद्दल मला आनंदच आहे. परंतु त्या सुमारास ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आलेल्या, ज्यांच्या दबावामुळे हे बदल झाले, त्या आंदोलक शेतकऱ्यांची गाऱ्हाणी पाहिली तर ती सर्वत्र सारखी नव्हती: जर्मनीत डिझेलवरील करसवलत काढण्याचा प्रश्न होता, पोलंडमध्ये युक्रेनहून येणाऱ्या धान्याचा होता, फ्रान्समध्ये मिळकत, डिझेल, आयात आणि नियमांचा जाच असे सगळेच एकत्र आले होते. भाव आणि खर्च या गोष्टी युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेच्या, हातात तत्काळ नव्हत्या. पर्यावरणाच्या अटी मात्र हातात होत्या, म्हणून त्या सोडून देण्यात आल्या. ही माझ्या दृष्टीने गंभीर चूक होती, कारण मूळ गाऱ्हाणे तसेच राहिले.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कृषी धोरणाने पर्यावरण सामावून घेतले नाही, म्हणून पर्यावरणाचे कायदे थांबत नाहीत. नेदरलँड्सचे उदाहरण पाहा. तिथे पशुपालनातून निघणारा अमोनिया संरक्षित निसर्गक्षेत्रांवर नत्राच्या रूपाने जमा होत होता, आणि पुढे कधीतरी घट होईल असे गृहीत धरून नवे परवाने दिले जात होते. मे २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने, संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाचा (नैसर्गिक अधिवासांच्या रक्षणाच्या कायद्याचा) आधार घेऊन, ही पद्धत अवैध ठरवली. परवाने अडकले, बांधकामेही अडकली, आणि ज्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे विस्ताराचा सल्ला दिला गेला होता त्यांना जनावरे कमी करण्यास सांगितले जाऊ लागले. त्या रोषातून उभा राहिलेला शेतकऱ्यांचा पक्ष मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत पहिला आला. धोरणाने जे हळूहळू, पैसे देऊन, वीस वर्षांत करायला हवे होते, ते न्यायालयाच्या निकालाने एका दिवसात अंगावर आले.

कुरणवाट

आपला शेवटचा प्रश्न उदाहरणाचा आहे, म्हणून मी तेवढ्यावरच लिहितो.

आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यात बरन नावाचा चुनखडकाचा प्रदेश आहे. तेथील गुरे उन्हाळ्यात सखल भागात आणि हिवाळ्यात खडकाळ टेकड्यांवर चरतात; बहुतेक डोंगराळ प्रदेशांच्या हे अगदी उलटे आहे. हिवाळ्यात जुने, वाळलेले गवत खाल्ले गेले की वसंतात जेन्शियन आणि ऑर्किडसारख्या रानफुलांना उजेड आणि जागा मिळते. गुरांना गोठ्यात मुरघास देण्याची पद्धत वाढली तसे टेकड्यांवरचे चरणे कमी झाले आणि हेझलची झुडपे कुरणांवर पसरू लागली. म्हणजे येथे निसर्गाची हानी शेती फार झाल्यामुळे जितकी होते, तितकीच ती मागे हटल्यामुळेही होते. ‘शेती की निसर्ग’ अशी विभागणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

२००५ मध्ये संघाच्या निधीतून तेथे एक प्रकल्प सुरू झाला आणि २०१० पासून त्याचे रूपांतर शेतकऱ्यांसाठीच्या नियमित योजनेत झाले. तिची रीत अशी होती की प्रत्येक कुरणाची दर वर्षी पाहणी करून त्याला दहापैकी गुण दिले जात. गुण जितके जास्त, तितकी हेक्टरी रक्कम जास्त. फार कमी गुण असतील तर काहीच नाही. अमुक तारखेला गुरे सोडा, तमुक तारखेला काढा, असा हुकूम नसे. कसे चारायचे हे शेतकरी ठरवीत असे, आणि झुडपे काढणे, दगडी बांध दुरुस्त करणे, पाण्याची सोय करणे यांसाठी वेगळे साहाय्य मिळे. अटी पाळल्या की पैसे, या पद्धतीत शेतकरी फॉर्म भरायला शिकतो. येथे तो आपल्या कुरणात काय उगवते हे पाहायला शिकला, कारण पुढच्या वर्षीची रक्कम त्यावर अवलंबून होती.

याच्या मर्यादाही आहेत. प्रत्येक अधिवासासाठी गुणपत्रक वेगळे लागते, ते समजावून सांगणारे आणि शेतात येऊन पाहणारे सल्लागार लागतात, आणि हे सगळे प्रदेश लहान असताना सोपे जाते. फ्रान्समधील बोससारख्या गव्हाच्या विस्तीर्ण मैदानात, जिथे पिकातून मिळणारे उत्पन्न चांगले आहे, तिथे रक्कम बरीच मोठी ठेवल्याशिवाय कोणी त्याकडे वळणार नाही. नेदरलँड्सने २०१६ पासून आणखी एक वाट धरली आहे: पर्यावरणपूरक व्यवस्थापनाचे करार एकेका शेतकऱ्याशी न करता त्या भागातील शेतकऱ्यांच्या सामूहिक संस्थेशी केले जातात. ओल्या कुरणांत घरटी करणारे पक्षी शेताच्या हद्दी पाहत नाहीत, आणि एकाने गवत उशिरा कापून शेजाऱ्याने लवकर कापले तर पिले वाचत नाहीत. नत्राच्या बाबतीत जो देश इतका अडचणीत आला, त्याच देशात हेही घडले, याची नोंद घ्यायला हवी.

धोरणवाचक

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. बरनची रीत मला पटली, पण एक शंका उरते. २००५ मध्ये संघात सुमारे १ कोटी ४४ लाख शेते होती, ती २०२० मध्ये सुमारे ९१ लाखांवर आली, आणि नाहीशी झालेली बहुतेक लहान होती. हेक्टरी रक्कम कमी करून ती परिणामांकडे वळवली, तर उरलेल्या लहान शेतकऱ्यांचे काय होईल? शिवाय माझ्या तिसऱ्या शक्यतेबद्दल, म्हणजे अन्नाच्या बाजूबद्दल, अजून कोणी लिहिलेले नाही.

अन्नसाखळी

तिसरी शक्यता मला सर्वांत दुर्लक्षित वाटते, म्हणून तीवर लिहिते.

मे २०२० मध्ये आयोगाने ‘शेतापासून ताटापर्यंत’ हे धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत रासायनिक कीडनाशकांचा वापर आणि धोका निम्म्यावर आणणे, खतांचा वापर किमान २० टक्क्यांनी कमी करणे, २५ टक्के शेतजमीन सेंद्रिय शेतीखाली आणणे, ही त्यातील ठळक लक्ष्ये होती. ही सगळी शेतकऱ्याने करण्याची कामे आहेत हे पाहा. ताटाकडच्या बाजूसाठी शाश्वत अन्नव्यवस्थेचा एक व्यापक कायदा २०२३ पर्यंत मांडण्याचे आश्वासन होते. तो मांडलाच गेला नाही. कीडनाशकांचा कायदा जून २०२२ मध्ये मांडला गेला, नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संसदेने फेटाळला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांनी तो मागे घेत असल्याचे जाहीर केले. शेतकऱ्याला कमी वापरायला सांगायचे, पण प्रक्रिया उद्योग, मोठे किरकोळ विक्रेते आणि ग्राहक यांच्यावर तशी कोणतीच जबाबदारी टाकायची नाही, या असमतोलामुळे शेतकऱ्यांचा विश्वास गेला असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

आणि ताटाकडे पाहिल्याशिवाय नत्राचा प्रश्न सुटणारा नाही. संघात वापरल्या जाणाऱ्या धान्यापैकी निम्म्याहून अधिक धान्य जनावरांना जाते, शिवाय दक्षिण अमेरिकेतून मोठ्या प्रमाणावर सोया येतो. तो सोया ज्या जमिनीत उगवला तेथील पोषकद्रव्ये नेदरलँड्समधील ब्राबांट, फ्रान्समधील ब्रिटनी किंवा डेन्मार्कच्या गोठ्यांत शेणमूत्र होऊन साचतात. १९९१ च्या नायट्रेट निर्देशाने शेणमूत्रातून येणाऱ्या नत्राला हेक्टरी १७० किलोंची मर्यादा घातली आहे, तरी जनावरांची संख्या एका जागी दाटलेली राहिली तर शेताच्या पातळीवरील उपायांना फार वाव उरत नाही.

यातून मार्ग काढण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मला डेन्मार्कचा वाटतो. जून २०२४ मध्ये तेथील सरकार, शेतकरी संघटना, उद्योग, कामगार आणि निसर्गसंवर्धन संघटना यांनी एकत्र बसून करार केला आणि नोव्हेंबरमध्ये संसदेतील बहुसंख्य पक्षांनी त्याला संमती दिली. २०३० पासून पशुपालनातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर टनामागे ३०० क्रोनर (डेन्मार्कचे चलन) कर लागेल, तो २०३५ पर्यंत ७५० होईल, पण ६० टक्के वजावट असल्याने प्रत्यक्ष भार आधी १२० आणि मग ३०० क्रोनर राहील. त्याबरोबरच अडीच लाख हेक्टरांवर नवे जंगल उभे करण्याची योजना आहे आणि निचरा करून शेतीखाली आणलेल्या दलदलीच्या जमिनी पुन्हा ओल्या करण्यासाठी पैसा आहे. त्याआधी, २०२३ मध्ये, डेन्मार्कने वनस्पतिजन्य अन्नासाठी राष्ट्रीय कृती आराखडाही केला होता. शेत, जमीन आणि ताट या तिन्हींना एकत्र हात घालणारा दुसरा देश मला तरी दिसत नाही.

नत्रचक्र

लहान शेतकऱ्यांच्या शंकेबद्दल थोडे. आपण दिलेली घट हेक्टरी रकमेच्याच काळातील आहे, त्यामुळे ती रक्कम लहान शेतांना वाचवते हे गृहीतक मला मान्य नाही. ती जमीन जितकी जास्त तितकी जास्त मिळते, आणि जमिनीचा खंड वाढवून नव्या शेतकऱ्याला दूर ठेवते. उत्पन्नाचा आधार द्यायचा असेल तर तो गरज पाहून द्यावा, आणि निसर्गाच्या कामाचा मोबदला वेगळा द्यावा. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतीच्या भवितव्यावर विचार करण्यासाठी आयोगाने नेमलेल्या, पेटर श्ट्रोहश्नायडर यांच्या अध्यक्षतेखालील संवादगटाने, ज्यात शेतकरी संघटना आणि पर्यावरण संघटना दोन्ही होत्या, एकमताने साधारण हीच दिशा सुचवली होती.

जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ या काळासाठी जो प्रस्ताव मांडला, त्यात यातील एक अर्धाच भाग आला आहे. मोठ्या लाभार्थ्यांची हेक्टरी रक्कम टप्प्याटप्प्याने घटवून वर्षाला १ लाख युरोंची कमाल मर्यादा सुचवली आहे, ती स्वागतार्ह आहे. पण शेतीचा निधी इतर निधींबरोबर प्रत्येक देशाच्या एकाच योजनेत मिसळताना सुमारे ३०० अब्ज युरो शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी राखले आहेत आणि पर्यावरण योजनांसाठी आज असलेली २५ टक्क्यांची किमान अट मात्र त्यात नाही. प्रत्येक देशाने अशा योजना ठेवाव्यात असे म्हटले आहे, किती पैसा ठेवावा ते सांगितलेले नाही. आपला अभ्यास पुढे न्यायचा असेल तर वाटाघाटींत हा एक आकडा परत येतो का, एवढ्यावर लक्ष ठेवावे, असे मी सुचवेन.