होम थिएटर घेताना कुठं फसलात, कुठं जमलं?

कोल्हापुरात, फुलेवाडीत घराचं काम सुरू आहे, पुढच्या आठवड्यात प्लास्टर. हॉल १२ बाय १७. वायरमन रोज एकच विचारतो, "साहेब, पायपा कुठं कुठं टाकू? नंतर भिंत फोडायला मला बोलवू नका." दुकानात गेलं की ५.१, ७.१, ॲटमॉस, हजार वॉट असे आकडे तोंडावर येतात आणि मी मान डोलावून परत येतो. बजेट लाखाच्या आत. डब्यावरचे आकडे मलाही वाचता येतात, ते नकोत. घरी आणल्यावर काय झालं ते लिहा. फजिती असेल तर आधी.

राजारामपुरीतून

दुकानातल्या खोलीत ऐकून ५.१ घेतलं, म्हणजे पाच स्पीकर आणि बासचा एक सबवूफर. तिथं भिंतींना फोम, पायाखाली जाड गालिचा. आमच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी आणि एका बाजूला अख्खी सरकती काच. पहिल्या रात्री सिनेमा लावला तर माणसं रिकाम्या हौदात उतरून बोलतायत असं वाटलं. दोन महिने रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याच्या, सेटिंगशी झटलो. मग ऑफिसातला एकजण म्हणाला, खोलीच्या मधोमध उभा राहून टाळी वाजव. वाजवली. टाळी संपल्यावरही एक बारीक 'टर्रर्र' भिंतीभिंतींतून फिरत राहिली. काचेला जाड पडदे शिवून घेतले, सोफा आणि टीव्हीच्या मध्ये सतरंजी टाकली, सोफ्यामागच्या भिंतीवर आईच्या ट्रंकेतली गोधडी टांगली. आता टाळी म्हणजे नुसती टाळी. पाहुणे गोधडीकडं बघतात, मी "वाळत घातलीय" म्हणतो.

बास, म्हणजे ढोलासारखा जाड आवाज, घुमत असेल तर त्याला गोधडी पुरत नाही. त्यावर हा उद्योग करा: सबवूफर (सब) उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, ठेक्याचं गाणं लावा आणि भिंतीकडेनं रांगत फिरा. एका कोपऱ्यात नुसती धडधड, दोन फूट पुढं काहीच नाही, मग एका जागी प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. सब तिथं. मला रांगताना शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही.

मंगळवार पेठ

आमच्यात फुटबॉल आधी, सिनेमा मागनं. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला माजघरात वीसएक पोरं. ३-३ झालं तेव्हा खिडकीचं तावदान थरथरत होतं, पण कॉमेंटेटर काय बोलतोय ते कुणाला कळंना. आवाज वाढवला की प्रेक्षकांचा गोंगाट वाढतोय, बोलणं तिथंच. कारण सोपं होतं. ५.१ मध्ये बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं, आणि पैसे वाचवायला आम्ही नेमका तोच बारका घेतलेला, वर तो शोकेसच्या कप्प्यात पार आत ढकललेला. दुसऱ्या दिवशी बाहेर कडेला आणला, खाली लाकडाची पाचर मारून तोंड कानाच्या दिशेनं केलं, त्याची पातळी ३ डेसिबलनं वाढवली. एवढ्यानंच भागलं. भावा, मागचे दोन स्पीकर पुढच्या वर्षी घेतलेस तरी चालतील, मधल्यात काटकसर करू नकोस.

शाहूपुरी, तळमजला

२०१९ च्या ऑगस्टात पाणी चढायला लागलं तसं टीव्ही, रिसीव्हर, कागदपत्रं सगळं माळ्यावर टाकलं. सब कोपऱ्यात राहिला. त्याचा ॲम्प्लिफायर खोक्याच्या आतच, पाठीमागच्या पत्र्याला असतो. पाणी ओसरल्यावर खोकं फुगून भाकरीसारखं झालं होतं, आत गाळ. २०२१ च्या जुलैत मात्र पहिला सब उचलला. पूररेषेच्या आसपास राहत असाल तर प्लगचे बोर्ड चार फुटांवर घ्या आणि सबची वायर अशी ठेवा की एका झटक्यात निघेल. पाणी येणारच नाही असं वाटत असेल तर चांगलंच.

उद्यमनगरात कारखाना, राहायला जवाहरनगर

सगळं जोडलं आणि स्पीकरमधून सतत 'हुंऽऽ'. दुकानदार म्हणाला रिसीव्हर बदलून देतो. मी लेथवाला माणूस, म्हटलं आधी एकेक वायर काढून बघू. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर उपसली आणि आवाज गप. त्या वायरीला खांबावरचं अर्थिंग, आमच्या प्लगला घरचं. दोन्ही अर्थिंग रिसीव्हरमध्ये भेटली की मधून करंट फिरतो आणि तो स्पीकरमध्ये ऐकू येतो. केबलच्या वायरीला दोन्ही अर्थिंग वेगळी ठेवणारा आयसोलेटर लावला, विषय संपला. वैतागून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक पाहिलेत मी. ते करू नका, शॉक बसेल.

पन्हाळ्याच्या वाटेवरचं गाव

ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनही आवाज येतोय असं वाटणं. त्यासाठी छताकडं आवाज फेकणारे स्पीकर हौसेनं आणले. आवाज छताला आपटून खाली यायचा असतो. आमचं छत कौलारू, उतरतं. पाऊस पडला की तेवढा वरून आवाज येतो, तोही फुकट. तुमचा सपाट स्लॅब असेल तर जमेल, फक्त पीओपीचं नक्षीकाम करायच्या आधी विचार करा.

कसबा बावडा, सध्या पुण्यात

आईबाबांसाठी रिसीव्हर, पाच स्पीकर, सब असं सगळं बसवून दिलं आणि पुण्याला आलो. दर रविवारी फोन: "अरे, चित्र येतंय, आवाज नाही." तीन रिमोट होते. चौथ्या महिन्यात सगळा संच माझ्या फ्लॅटवर आणला आणि तिकडं साऊंडबार, म्हणजे टीव्हीखालचा एकच लांबट स्पीकर, लावला. तरी एक ठेच लागलीच. आधी ऑप्टिकल वायरनं जोडला, तर बारवरचा ॲटमॉसचा दिवा लागेना. ऑप्टिकलमधून ॲटमॉस जातच नाही. एचडीएमआयची वायर टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बारकडं पाठवणाऱ्या) भोकात घातली, तर ओटीटीवरचं ॲटमॉस सुरू झालं, शिवाय टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमीजास्त होऊ लागला. ब्लू-रे डिस्कवरचं जसंच्या तसं हवं असेल तर एआरसीचा पुढचा प्रकार, ईएआरसी लागतं. बाबांना ते नको होतं, त्यांना बातम्या लागतात. घरात तो संच रोज कोण चालवणार हे आधी ठरवा. इथले निम्मे लोक स्वतःसाठी घेतात आणि वापरते आई.

मंगळवार पेठ, परत

बावडेकर, बरोबर हाय. पण साऊंडबारवर फायनल बघायची मजा न्हाई.

फुलेवाडी

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी साइटवर गेलो. पायपा ठरल्या: टीव्हीखाली तीन, मागच्या भिंतीत कानाच्या थोडं वर दोन, सबसाठी एक ऐवजी दोन जागी, म्हणजे रांगल्यावर जी आवडेल ती. टीव्ही ते रिसीव्हर पाइप जाडी घेतली, एचडीएमआयचं डोकं आत जायला हवं. वरच्या स्पीकरसाठी स्लॅबलगत दोन पायपा मोकळ्या सोडल्यात, आत्ता पैसे नाहीत. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून पाहिली. गवंड्यानं थापी खाली ठेवली आणि विचारलं, "साहेब, कुणाला बोलवताय?"