जानेवारीत विनिपेगला साइटचं काम: वेर्ण्याहून निघताना काय न्यावं?

फोंडेकर_पॅनल
नमस्कार मंडळी. कंपनी जानेवारीत तीन आठवडे कॅनडात विनिपेगला पाठवते आहे, पॅनल कमिशनिंगसाठी (नवे इलेक्ट्रिकल पॅनल तपासून चालू करायला). काम बहुतेक आत, पण रोज अर्धा-पाऊण तास बाहेरच्या जंक्शन बॉक्सवर (वायरी जोडायची पेटी). घरात धड स्वेटरही नाही. जॅकेट इथे शोधू की तिथे घेऊ? चष्मा आहे, दम्याचा पंप आहे, लॅपटॉप आणि कॅलिब्रेटर (मोजमापाची उपकरणं तपासायचं यंत्र) सोबत.

झुवारीकाठ
जॅकेट आणि बूट तिथेच घ्या. पोलो पार्क मॉल विमानतळाजवळच आहे, आणि कामगारांचे कपडे हवेत तर मार्क्सची दुकानं आहेत. छापील किमतीवर 12 टक्के कर वेगळा लागतो. इथून फक्त थर्मलचे दोन जोड, फ्लीस, कानटोपी आणि लोकरी मोजे न्या. हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग मागे राहिली तर दुकानापर्यंत तरी पोचता आलं पाहिजे.

अंगालगत सुती बनियन नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो, आणि काम थांबलं की तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. आत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, वर पार्का, म्हणजे मांडीपर्यंत येणारं टोपीवालं जाड जॅकेट. जिने चढताना गरम वाटलं की लगेच चेन उघडा, घाम यायची वाट बघू नका.

बूट एक नंबर मोठा. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि पाय जास्तच गारठतात. अंगठा आतल्या आत हलला पाहिजे. ऑफिसचे बूट वेगळ्या पिशवीत.

डिचोलीचा_वायरमन
बाहेरच्या जंक्शन बॉक्सचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे. साध्या पीव्हीसीची केबल उणे 25-30 मध्ये ठिसूळ होते. वाकवली की इन्सुलेशनला चीर जाते, आणि ती त्या वेळी दिसत नाही. जोडायच्या वायर आत गरम खोलीत कापून, सोलून, टोकाला लग (धातूची टोपी) बसवून न्या. इन्सुलेशन टेप तिथे चिकटत नाही. मार्करची शाई गोठते, म्हणून पेन्सिल ठेवा.

मीटरमध्ये अल्कलाइन सेल नको, लिथियमचे एए घाला. एलसीडीवरचे आकडे सावकाश बदलतात, वाचन स्थिर होईपर्यंत थांबा. हातांना आत पातळ मोजे, वर मिटन. मिटनमध्ये चारही बोटं एकत्र राहतात, त्यामुळे पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा ऊब जास्त. स्क्रू पिळायचा तेवढाच वेळ मिटन काढा. उघड्या बोटांनी धातू धरू नका, कातडी चिकटते.

लॅपटॉप, कॅलिब्रेटर बाहेरून आत आणलेत की बॅगेची चेन बंदच ठेवा, तास-दोन तास. लगेच उघडलात तर खोलीच्या हवेतली वाफ थंड बोर्डवर पाणी होऊन बसते. गोठलेला फोन चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केल्याने लिथियम बॅटरी कायमची खराब होते.

म्हापशेकर_फार्मा
पंप पार्काच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीत डब्यातला दाब उतरतो आणि डोस कमी सुटतो. नाकातोंडावरून पातळ गळपट्टी घ्या, म्हणजे थेट गार हवा श्वासनळीत जात नाही. श्वास वर गेला की चष्म्यावर वाफ धरते, म्हणून पट्टी नाकाच्या हाडावर नीट बसवा. बाहेर पडण्याआधी एक पफ घ्यायचा का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा.

हवामानाच्या अंदाजात तापमानासोबत विंडचिल बघा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला किती थंड लागेल तो आकडा. हवा उणे 25 आणि वारा ताशी 30 किमी असेल तर विंडचिल उणे 39. उणे 28 ते 39 मध्ये उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, उणे 40 ते 47 मध्ये 5 ते 10 मिनिटांत. तुमचा पाऊण तास तीन खेपांत वाटा. गाल किंवा बोट पांढरं, बधिर झालं तर चोळू नका आणि हीटरसमोरही धरू नका, बधिर जागा भाजते ते कळत नाही. आत जाऊन 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बुडवा. फोड आले तर सरळ डॉक्टरकडे.

आतली हवा हीटिंगमुळे अगदी कोरडी असते. ओठ फुटतात, घोळणाही फुटतो. पेट्रोलियम जेली ठेवा.

फोंडेकर_पॅनल
फार उपयोगी. खोबरेल तेल चालेल ना? आणि घरून सोलां (आमसुलं), मसाला देणार आहेत.

झुवारीकाठ
खोबरेल 24 अंशांखालीच गोठतं, बाटलीतून निघणारच नाही. जेलीच बरी. खाण्याचं जे काही असेल ते कस्टम्सला जाहीर करा. जाहीर केलेलं नियमात बसलं नाही तर काढून घेतात, लपवलं तर दंड. टोरांटोवरून जात असाल तर बॅग तिथे उचलायची की थेट विनिपेगला मिळणार, हे चेक-इनलाच विचारून ठेवा.

कॅलिब्रेटरसाठी सीरियल नंबर आणि किंमत लिहिलेलं कंपनीचं पत्र घ्या. भारत सोडताना आपल्या कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेटही (वस्तू इथूनच नेल्याचा दाखला) करून घ्या, नाहीतर परतताना ड्यूटीचा प्रश्न निघतो. सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच.