भयपटांना गुण कसे द्यावेत? नवे-जुने भयपट आणि आपले अनुभव

धागाकर्ता

सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि २०१८ च्या पहिल्या प्रदर्शनात झाली होती त्याहून अधिक कमाई त्याने या दुसऱ्या फेरीत केली. मधल्या काळात अनेकांनी तो घरी बसून पाहिला होता, तरीही तिकीट काढून पुन्हा जाणाऱ्यांची गर्दी झाली. भयपटाचे परीक्षण लिहिताना आपण 'दहापैकी आठ' असे सहज लिहून मोकळे होतो, पण तो आठ कुठे, कोणासोबत आणि कितव्या खेपेला पाहून दिला, हे सांगत नाही. कौटुंबिक चित्रपटाच्या बाबतीत हे न सांगितल्याने फारसे बिघडत नाही. भयपटाच्या बाबतीत मात्र रात्रीच्या शेवटच्या खेळानंतर दिलेले गुण आणि रविवारी दुपारी जेवण झाल्यावर लोळत पाहून दिलेले गुण यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

म्हणून सर्वांना विनंती आहे की, आपल्या आठवणीतल्या एखाद्या भयपटाविषयी लिहावे. तो जुना असो वा नवा, कोणत्याही भाषेतला असो. तो कोणत्या परिस्थितीत पाहिला ते सांगावे, पहिल्या वेळचे गुण द्यावेत आणि पुन्हा पाहिला असल्यास तेव्हाचेही द्यावेत. रहस्य उघड करायचे असेल तर आधी तशी सूचना द्यावी, म्हणजे ज्यांनी पाहिला नाही त्यांचा विरस होणार नाही.

सुरुवात मीच करतो. 'तुंबाड' मी पहिल्यांदा घरीच पाहिला आणि साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीच्या प्रसंगाने अक्षरशः हादरलो. आई जखमी भावाला घेऊन गेली आहे, घरात लहानगा विनायक एकटा आहे, म्हातारीला भरवण्याची वेळ झाली आहे आणि ती जागी झालीच तर हस्तर या शापित देवाचे नाव घ्यायचे, एवढाच उपाय त्याला ठाऊक आहे. चित्रपटगृहात पुन्हा पाहिला तेव्हा ती केव्हा उठणार हे मला माहीत होते, त्यामुळे तिथली भीती ओसरली. पण पहिल्या खेपेला नीट न जाणवलेली एक गोष्ट आता अंगावर आली. स्वतः ज्या खाईत उतरतो त्याच खाईत उतरण्याची तालीम पोटच्या पोराला देणारा बाप, म्हणजे मोठा झालेला विनायक, आणि बापाहूनही हावरट निघू पाहणारा तो पोरगा, हे म्हातारीपेक्षा कितीतरी भयंकर आहे. (म्हातारीच्या रंगभूषेखाली मोहम्मद समद हा बालकलाकारच होता आणि विनायकचा मुलगाही त्यानेच साकारला आहे, हे कळल्यावर तर मी थक्क झालो.) १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत पाऊस जवळजवळ थांबतच नाही, आणि तो मोठ्या पडद्यावरच खरा भिजवतो. पहिल्या वेळी ८, दुसऱ्या वेळी ९.

कंदील

धागाकर्त्यांचा प्रश्न योग्य आहे, पण आमच्या पिढीला तो फार उशिरा विचारला गेला. आम्ही रामसे बंधूंचे चित्रपट जत्रेतल्या तंबूत पाहिले. तिथे यंत्र एकच असे, त्यामुळे रीळ संपले की दुसरे चढेपर्यंत तंबूत मिट्ट काळोख व्हायचा. 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये सामरी या सैतानाचे शिर पेटीत आणि धड वेगळ्या जागी पुरलेले आहे, आता ती पेटी कोणीतरी उघडणार, आणि नेमके तेव्हाच रीळ संपले. त्या काळोखात मागून एका टारगटाने कोणाच्या तरी मानेवर गार हात ठेवला, त्याबरोबर बायकांच्या बाजूने जो कल्लोळ उठला तो पडद्यावरच्या कोणत्याही किंकाळीपेक्षा सरस होता.

आज तोच चित्रपट घरी लावला तर जगदीप यांचे 'शोले'च्या विडंबनाचे उपकथानक मध्येच येऊन सगळा परिणाम धुऊन काढते. तेव्हा आम्हांला ते हवेसेच वाटे, कारण इतका वेळ श्वास रोखून बसलेल्या माणसाला थोडे हसायला लागतेच. अनिरुद्ध अग्रवाल यांचा चेहरा मात्र आजही तितकाच जरब बसवतो. त्या चेहऱ्याला रंगभूषेची फारशी गरज नव्हती.

रामसे यांच्या चित्रपटांना नाके मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा घरचा कारखाना होता. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचे, कॅमेरा गंगू यांचा, ध्वनी किरण यांचा, लेखन कुमार यांचे. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) तर त्यांनी महाबळेश्वरला मोजक्या मंडळींत चित्रित केला. एवढ्या तुटपुंज्या साधनांत एवढी माणसे घाबरवायची तर हाताला कसब लागते. तंबूत ९, घरी ४. या दोन आकड्यांची सरासरी काढू नये, कारण साडेसहा गुणांचा 'पुराना मंदिर' कोणीच कधी पाहिलेला नाही.

ध्वनिपेटी

मी ध्वनिसंकलनाचे काम करते, त्यामुळे भयपटाची परीक्षा मी डोळे मिटून घेते. दृश्य न पाहता भीती वाटली तर चित्रपट उत्तीर्ण.

दचकवणे हे तंत्र म्हणून अगदी सोपे आहे. आधी काही सेकंद सगळे आवाज हळूहळू खाली आणायचे, पंख्याची घरघर आणि बाहेरची रहदारीसुद्धा काढून घ्यायची, प्रेक्षकाचा कान त्या शांततेला सरावला की एकदम मोठा आघात करायचा. त्या आघाताच्या वेळी पडद्यावर मांजर असो वा मुडदा, शरीर उडतेच. त्यात दिग्दर्शकाचे कर्तृत्व शून्य आहे आणि अशा दचक्यांना मी गुण देत नाही. रामगोपाल वर्मा यांच्या 'भूत'मध्ये (२००३) असे दचके पुष्कळ आहेत, तरीही त्याला मी वरचे गुण देते, कारण त्यात दचक्यांच्या मधल्या जागा भरलेल्या आहेत. चित्रपटात एकही गाणे नाही. उंच इमारतीतला प्रशस्त फ्लॅट, लिफ्टचा आवाज, रात्री उठून पाणी प्यायला गेलेल्या माणसाच्या पावलांचा आवाज; म्हणजे मुंबईतल्या माणसाला रोज ऐकू येणारेच सगळे आवाज. वाडा, घुबड, दरवाज्याची करकर यांतले काहीही त्यासाठी लागले नाही. ऊर्मिला मातोंडकर यांचा अभिनय हा आणखी वेगळा विषय आहे.

'दि एक्झॉर्सिस्ट'ला (१९७३) ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले होते. त्यातल्या मुलीच्या तोंडून येणारा सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅकेम्ब्रिज या अभिनेत्रीचा आहे. तो घोगरा, घशात कफ अडकल्यासारखा, मध्येच हसणारा आवाज ऐकून मी हेडफोन काढून ठेवले होते, आणि तेही कामाच्या वेळी, दिवसाढवळ्या. आजच्या मुलांना ती रंगभूषा पाहून हसू येते, म्हणून त्यांना मी आधी नुसता आवाज ऐकवते. 'भूत' ८, 'दि एक्झॉर्सिस्ट' १०. दोन्ही पुन्हा ऐकल्यावरही तेवढेच.

अर्धवट झोप

मी भयपट पाहत नाही. सौ. पाहतात आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकतो. वर ध्वनिपेटी यांनी लिहिलेले वाचून मी नेमका चुकीच्या खोलीत बसतो असे दिसते.

उसाचा फड

माझे माहेर आणि सासर दोन्हीकडे ऊस आहे, म्हणून 'लपाछपी'विषयी (२०१७) लिहिते. कर्जवसुलीच्या धाकाने शहर सोडून आलेले जोडपे उसाच्या रानातल्या एका घरात आसऱ्याला येते, बायको गरोदर आहे, आणि घरात उषा नाईक यांनी रंगवलेली तुळसाबाई आहे. चित्रपटगृहातले लोक लहान मुलांच्या भुतांना घाबरत होते. मला त्या मुलांचे काही वाटले नाही. मला भीती वाटली ती पूजा सावंत फडात शिरते तेव्हा. वाढलेल्या उसात उभे राहिलेल्या माणसाला चार हातांपलीकडचे दिसत नाही, पात्याच्या कडेने दंड चिरतात, घाम लागला की ती चीर झोंबते, आणि वारा नसतानाही पाचोळा वाजला तर तो साप, डुक्कर की माणूस हे कळायला मार्ग नसतो. विशाल फुरिया यांनी ही दिशाहीनता बरोबर पकडली आहे. अंधाराचा आधार न घेता भर उन्हात घाबरवणे अवघड असते आणि ते इथे साधले आहे.

(पुढे रहस्य उघड होत आहे.) मुलगी नको म्हणून गर्भातच मारण्याचा विषय आमच्याकडे कोणाला परका नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. म्हणूनच तुळसाबाईची भीती वाटते, कारण ती भूत नाही; अशा बायका बारशाला आणि डोहाळजेवणाला येऊन ओटी भरून जातात. माझी तक्रार एवढीच की, शेवटाकडे चित्रपट मुद्दा समजावून सांगू लागतो आणि समजावणी सुरू झाली की भीती पळते. त्याच दिग्दर्शकाने केलेले हिंदी रूप 'छोरी' (२०२१) अधिक चकचकीत आहे, पण मला मूळच भावला. 'लपाछपी' साडेसात, 'छोरी' ६. चित्रपटगृहातून परतताना दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या रस्त्याने आलो होतो, हेही नोंदवते, म्हणजे गुणांतले किती चित्रपटाचे आणि किती रस्त्याचे ते वाचकांना ठरवता येईल.

आकडेमोड

थोडे आकड्यांविषयी. 'रॉटन टोमॅटोज' या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची टक्केवारी पाहून बरेच जण तो शंभरपैकी मिळालेला गुण समजतात. तो आकडा किती समीक्षकांना चित्रपट एकंदरीत बरा वाटला त्याचे प्रमाण दाखवतो. सगळ्यांनी दहापैकी सहाच दिले तरी टक्केवारी नव्वदीपार जाऊ शकते. याउलट अमेरिकेत 'सिनेमास्कोर' ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. 'हेरेडिटरी'ला (२०१८) समीक्षकांनी डोक्यावर घेतले आणि त्याच चित्रपटाला या प्रेक्षकांनी 'डी प्लस' दिले. जाहिरात पाहून दचके खायला गेलेल्या माणसाला दोन तास एका घराचा शोक पाहावा लागला, तर तो चिडणारच.

पहिल्या आठवड्याच्या मतावर म्हणूनच माझा भरवसा नाही. 'दि शायनिंग' (१९८०) आला तेव्हा स्टॅन्ली कुब्रिक यांना सर्वांत वाईट दिग्दर्शकाच्या रॅझी पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. 'दि थिंग' (१९८२) तेव्हाच्या समीक्षकांनी किळसवाणा म्हणून झोडपला होता. आज हे दोन्ही चित्रपट अभ्यासाला लावतात. भयपटाला गुण द्यायचे तर महिनाभर थांबावे आणि त्यातले काय आठवते ते पाहावे, असा माझा शिरस्ता आहे. 'हेरेडिटरी'मधला तो जिभेचा 'टॉक्' आवाज मला अजून आठवतो. ९.

पारावरचा मुंजा

नाव पाहून ओळखले असेलच. 'मुंज्या' (२०२४) मी सहकुटुंब पाहिला. आदित्य सरपोतदार यांनी कोकणातली दंतकथा हिंदीत नेली याचा आनंद झाला, आणि सुहास जोशी यांची आजी पाहून तर घरच्यासारखे वाटले. पण अशा चित्रपटाला एकच गुण देणे अन्यायाचे आहे. हसवण्याचे ७ आणि घाबरवण्याचे ४, असे मी वेगळे देतो. संगणकावर घडवलेला मुंज्या सतत समोर नाचत राहतो आणि जे सतत समोर असते त्याची भीती चेपते.

त्या तुलनेत 'झपाटलेला' (१९९३) आठवून पाहा. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला. तात्या विंचूच्या चेहऱ्यावर एकही भाव बदलत नाही, जबडा खालीवर होतो एवढेच, आणि तरीही त्या काळच्या मुलांनी घरातल्या बाहुल्या रात्री कपाटात बंद करून ठेवल्या. लक्ष्मीकांत बेर्डे धडपडत असताना आम्ही हसत होतो आणि बाहुल्याने मान वळवली की पाय खुर्चीवर घेत होतो. तेव्हाचे गुण ९. आज मुलाला दाखवला तर तो आधी हसला, मग झोपताना दिवा चालू ठेव म्हणाला. म्हणजे ८ तरी धरावेत.

धागाकर्ता

प्रतिसादांबद्दल आभार. एक विनंती पुन्हा करतो: आकडा लिहिताना त्यामागचे कारणही लिहावे. नुसते '१० / १०, जबरदस्त' असे प्रतिसाद आले आहेत, त्यांतून कोणाला काही मिळत नाही.

शेजारधर्म

आमच्या इमारतीतल्या मल्याळी शेजाऱ्यांच्या आग्रहावरून मी 'मणिचित्रताळ्' (१९९३) पाहिला. त्याचेच हिंदी रूप असलेला 'भूल भुलैया' (२००७) आधी पाहिलेला असल्यामुळे कथा पूर्ण ठाऊक होती, म्हणजे धागाकर्त्यांच्या हिशेबाने माझी पहिली खेप हीच दुसरी खेप होती. दोन्ही चित्रपट पाहिले नसतील त्यांनी पुढचे वाचू नये.

नवऱ्याने बाहेर जायला नाही म्हटल्यावर पलंग एका हाताने उचलण्याचा प्रसंग दोन्हीकडे आहे. मूळ चित्रपटात गंगा झालेल्या शोभना आधी साधी कुरकुर करतात, कुठल्याही घरात होते तशी. मग आवाजाची पट्टी किंचित बदलते, नजर नवऱ्यावरून न हलता कठोर होत जाते, आणि पलंग उचलला जाण्याच्या आधीच आपल्याला कळलेले असते की समोर गंगा उरलेली नाही. इथे भूत नाहीच, आजार आहे, हे माहीत असूनही माझे हात गार पडले. या भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. हिंदी रूप करणारे प्रियदर्शन यांनी मूळ चित्रपटात फाझिल यांच्या हाताखाली दुसऱ्या चित्रीकरण पथकाचे काम केले होते, त्यामुळे त्यांना सगळ्या जागा ठाऊक होत्या. पण हिंदीत विनोदाचा भरणा वाढला आणि विद्या बालन यांनी जीव ओतूनही तो प्रसंग माझ्या दृष्टीने एक पायरी खालीच राहिला.

आकडेमोड यांचा महिनाभर थांबण्याचा नियम मला पटतो, मात्र धागाकर्त्यांचा दोन आकड्यांचा आग्रह पटत नाही. रहस्य माहीत असताना जे गुण टिकतात तेवढेच मी देते, बाकीचे वहीत लिहीतच नाही. 'मणिचित्रताळ्' ९, 'भूल भुलैया' साडेसहा.