पंचांगातली घटी-पळं घड्याळाच्या वेळेत कशी आणायची?

गोदाकाठ: चैत्रातल्या एका तिथीपुढे 'घ. 27 प. 35' छापलंय. पंचांग मुंबईचं, सूर्योदय 6.28. 27.35 ला 24 नं गुणलं की 10 तास 56 मिनिटं, म्हणजे संध्याकाळचे 5.24 येतात. शेजारच्या रकान्यात मात्र 5.30 आहे. आणि नाशिकला यात काही फरक करायचा का?

पळविपळ: तो दशांश नाही हो! घटी 60 पळांची, पळ 24 सेकंदांचं. 27 × 24 = 648 मिनिटं. 35 पळं म्हणजे 840 सेकंद, 14 मिनिटं. एकूण 662, म्हणजे 11 तास 2 मिनिटं. 6.28 मध्ये मिळवा, बरोबर साडेपाच. पळांना अडीचनं भागलं की थेट मिनिटं मिळतात, तोंडी हिशोबाला हेच सोपं.

रामकुंड_पूर्व: नाशिकला घड्याळाची वेळ बदलायची नाही. तिथी संपण्याचा क्षण सगळीकडे एकच, बदलतात ती घटी-पळं, कारण ती स्थानिक सूर्योदयापासून मोजतात. नाशिक मुंबईच्या पूर्वेला, त्यामुळे त्या सुमारास सूर्य इथे चारेक मिनिटं आधी उगवतो. 6.24 धरलात तर तीच तिथी घ. 27 प. 45. गोंधळ होतो तो मुंबईची घटी नाशिकच्या सूर्योदयात मिळवल्यावर: 5.26 येतं, आणि मग छापणाऱ्याला बोल!
प्रहराला हे कोष्टक लावू नका. तो दिनमानाचा, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचा, चौथा भाग. नाशिकला जूनअखेर सुमारे 3 तास 20 मिनिटं, डिसेंबरअखेर पावणेतीन तासांना थोडा कमी.

गोदाकाठ: समजलं. लग्नातलं घटिकापात्र खरंच 24 मिनिटांत बुडतं का?

तांब्यापितळ: जुळवलेलं असेल तर. तांब्याच्या वाटीच्या बुडाला बारीक भोक असतं, ती घंगाळातल्या पाण्यावर तरंगत ठेवतात. भोक आधी लहानच पाडायचं, घड्याळ लावून बुडू द्यायची, उशीर झाला तर सुईनं किंचित रुंदावायचं. मोठं झालं तर परत लहान करणं कटकटीचं. बोअरच्या जड पाण्यानं भोकात क्षार बसतात आणि वाटी रेंगाळते. चिंचेनं घासून सुई फिरवा. पाणी गाळलेलं हवं, अक्षतेचा एक दाणा भोकावर बसला तरी मुहूर्त गेला. थंडीत गार पाणी सावकाश शिरतं, म्हणून ज्या पाण्यात वापरणार त्याच पाण्यात तपासा. वाटी कलली तर काठावरून पाणी घेते आणि वेळेआधीच तळाला जाते.