प्रतिसाद: स्टारशिप आणि ३३ इंजिनांची धाकधूक

स्पेसएक्सच्या स्टारशिप या महाकाय अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात ३३ इंजिनं आहेत. त्यावरच्या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की एवढी इंजिनं म्हणजे एन-१ या सोव्हिएत चंद्र-अग्निबाणाची पुनरावृत्ती. भीती रास्त आहे. एन-१ च्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं होती आणि १९६९ ते १९७२ मधली चारही उड्डाणं फसली. दुसऱ्या वेळी तर प्रक्षेपणतळासकट राख झाली. पण त्या इंजिनांच्या काही झडपा एकदाच वापरता येणाऱ्या होत्या. त्यामुळे जी इंजिनं यानावर बसवायची, ती आधी चालवून बघताच येत नसत. प्रत्येक गटातली काही नमुन्यादाखल तपासायची, बाकी रामभरोसे! पूर्ण पहिला टप्पाही जमिनीवर कधी पेटवला नाही.

स्टारशिपच्या रॅप्टर इंजिनांचं तसं नाही. ती पुन्हापुन्हा पेटवता येतात, आणि ९ फेब्रुवारी २०२३ च्या जमिनीवरच्या चाचणीत ३३ पैकी ३१ एकत्र चालली. एक आधीच बंद केलं होतं, एक आपोआप थांबलं.

एप्रिल २०२३ मधल्या पहिल्या उड्डाणाआधी मला इंजिनांपेक्षा तळाची काळजी जास्त वाटत होती. माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या जवळपास दुप्पट जोर, आणि खाली ज्वाळा वळवून नेणारा खंदकच नव्हता! फेब्रुवारीत इंजिनं पूर्ण ताकदीनं चालवली नव्हती, हेही विसरू नका.

त्या उड्डाणात ठरल्याप्रमाणे हवाईजवळच्या समुद्रापर्यंत यान पोहोचेल असं मी तरी धरून चाललो नव्हतो. तळ शाबूत ठेवून वर गेलं आणि दोन्ही टप्पे नीट वेगळे झाले, तरी माझ्या लेखी भरपूर होतं. थेट प्रक्षेपण मात्र चुकवणार नव्हतो.