"एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणणाऱ्या दप्तरदारांना माझा चिंध्यांचा हिशेब

कारकून_पेठेतला

काल दप्तरदार साहेबांनी इथं लिहिलं. नाव घेतलं नाही, पण रोख कुणाकडं होता ते शेंबड्या पोरालाही कळलं. "रविवारी शाहू स्टेडियमवर घसा फोडायचा, सोमवारी लँकेशायरच्या गिरण्यांवर लिहायचं, बुधवारी शाहूपुरीच्या गूळपेठेचा इतिहास सांगायचा. एक ना धड, भाराभर चिंध्या. माणसानं एक काहीतरी धरावं आणि तडीस न्यावं." वाचलं आणि रात्री भाकरी घशाखाली उतरेना. तेव्हा आता सविस्तर ऐकाच.

माझा बाप कोल्हापुरात उद्यमनगरात मोल्डर होता. पाटाकडील तालमीचा फुटबॉलचा सामना कामाच्या दिवशी असला की दुपारी तीनला हात धुवायचा, सायकलच्या नळीवर मला बसवायचा आणि थेट स्टेडियम. गॅलरीची पायरी उन्हानं इतकी तापलेली असायची की टोपी खाली घालून बसायला लागायचं. आठवड्याच्या शेवटी पगाराच्या पाकिटात अर्धा दिवस कमी. आई पाकीट उलटं करून झटकायची, एखादी नोट आत चिकटली असंल म्हणून. ते मी नऊ वर्षांचा असताना बघितलंय.

पुढं नोकरीत स्थिरावल्यावर कळलं की इंग्लंडात १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायला लागल्या. तिथल्या सामन्याची तीनची वेळ तिथूनच आलेली. १८८८ ला फुटबॉल लीग निघाली तेव्हा बारा क्लब होते. त्यातले सहा एकट्या लँकेशायरचे: प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, अ‍ॅक्रिंग्टन, एव्हर्टन. लंडनचा एकही नाही. का नाही, हा प्रश्न फुटबॉलचा का अर्थशास्त्राचा? आर्सेनल वुलिचच्या तोफांच्या कारखान्यातल्या कामगारांनी १८८६ ला काढला. वेस्ट हॅम जहाजाच्या गोदीतून आला, मँचेस्टर युनायटेड रेल्वेच्या वॅगन शॉपमधून. माझ्या लेखी हे दोन विषय नाहीतच. बापाच्या पाकिटातून कापलेल्या अर्ध्या दिवसाचा हिशेब मी अजून लावतोय, एवढंच.

आपल्याकडंही तेच. १९०६ ला शाहू मिल आली, भोंगा झाल्यावर सुटलेल्या पोरांनी चेंडू पेठेत आणला. १८९५ ला शाहूपुरी वसली आणि गुळाला हक्काची पेठ, शेतकऱ्याला हक्काचा दाम मिळाला. आणि शाहू महाराजांनी स्वतः काय केलं? मिल, गूळपेठ, धरण, वसतिगृहं, १९१२ ला खासबागचं कुस्तीचं मैदान, १९१५ ला पॅलेस थिएटर. त्यांनाही म्हणा की एक काहीतरी धरा म्हणून.

नाद_खुळा_गॅलरी

जाळ अन् धूर संगटच भावा 🔥 पायरीवर टोपी घालून बसणं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण पाटाकडील म्हटल्यावर अर्धे मार्क कापले. आपण दिलबहारवाले!!

दप्तरदार

कारकून साहेब, आपली तुलना आपण थेट राजर्षींशी केलीत. वा. त्यावर माझी काय बोलायची टाप.

आता मुद्द्याचं. वडिलांची गोष्ट आवडली, खोटं बोलणार नाही. परंतु गोष्ट म्हणजे इतिहास नव्हे. पुराभिलेखागारात मोडी कागदांवर मी सात वर्षं घालवली. धुळीनं दमा जडला तो अजून आहे. त्या सात वर्षांत मला जेमतेम एका पेठेच्या जकातीचा हिशेब नीट लागला. आपण एका बुधवारी सगळी पेठ लावून मोकळे झालात.

"मिलचा भोंगा झाला आणि पोरांनी चेंडू पेठेत आणला." भोंगा आणि चेंडू यांच्यामध्ये एक कागद दाखवा. एकच. आपण इंग्लंडचा साचा उचललात आणि कोल्हापूरवर दाबून बसवलात. अहो, संघांची नावं तरी वाचा! पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. गिरणीचं नाव कुठं दिसतं का? आर्सेनलच्या नावात तोफखाना आहे, आपल्या संघांच्या नावात तालीम आहे. खेळ लाल मातीच्या शेजारच्या अंगणात वाढला, हे पाटीवरच लिहिलेलं असताना आपल्याला भोंगा ऐकू येतो. मी चिंध्या म्हणालो ते यालाच. दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत असलं की मधला पूल मनानं बांधता येतो.

चहा_कटिंग

नावांचा मुद्दा दप्तरदार मास्तरांनी खटक्यावर मारला.

गुऱ्हाळवाला

त्ये फुटबॉल ऱ्हाऊ द्या बाजूला. "शेतकऱ्याला हक्काचा दाम मिळाला" ह्ये कुणी सांगितलं तुम्हाला? महाराजांनी पेठ वसवली, त्यांचं उपकार हाईतच, त्याबद्दल दुमत न्हाई. पण दाम कुणाला घावला ते आमच्या घरात इचारा.

माझा आजा बैलगाडीतनं गुळाचं रवं, म्हंजी ढेपा, घिऊन रातचा निघायचा, पहाटं शाहूपुरीत. सौदा कसा? दलाल आन् यापारी रुमालाखाली हातात हात घालायचं, बोटं दाबायची, भाव ठरायचा. ज्याचा गूळ त्यो बाजूला उभा. त्याला भाव कळायचा शेवटाला. मग अडत, तोलाई, हमाली, आन् "गूळ पाणी सोडतोय" म्हणून वजनात आनि कट. तीस किलोचा रवा घरनं निघायचा, पट्टी, म्हंजी हिशेबाची पावती, व्हायची अठ्ठावीसची. इतिहास लिव्हताय तर ह्येबी लिव्हा.

अडत्याचा_नातू

हे ठरलेलंच आहे. गूळ म्हटलं की अडत्या चोर. माझे आजोबा पेरणीला बिनव्याजी उचल द्यायचे, लेकीच्या लग्नाला द्यायचे, ते कुणाच्या वहीत नाही. रुमालाखालचा सौदा कायद्यानं बंद होऊन जमाना झाला. आता उघड लिलाव आहे. पाडव्याच्या मुहूर्ताला या मार्केट यार्डात, स्वतः बघा.

आणि पट्टीचं बोलायचं तर गुळात साखर कोण कालवतं तेही बोलू या. गेल्या हंगामात एका गुऱ्हाळाचा माल मी गुजरातच्या पार्टीला पाठवला. पार्टीनं रवा फोडून फोटो पाठवला, आत साखरेचा दाणा चमकतोय. गाडी माघारी, भाडं माझ्या बोकांडी. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे पेढे आम्ही वाटले. ती अब्रू घालवली कुणी?

गुऱ्हाळवाला

बिनव्याजी! लई हसवलंसा. उचल दिली की गूळ तुमच्याच दुकानाला घालायचा, ह्ये व्याज न्हवं तर काय?

साखर घालत्यात, कबूल. मी घालत न्हाई. पण का घालत्यात त्ये ऐका. साखर कारखान्यानं एफआरपी, म्हंजी सरकारनं ठरिवल्याला उसाचा दर, द्यायची, ती कायद्यानं चौदा दिसात. मिळती कवा त्यो इषय येगळा, पण आकडा तरी ठरल्याला. म्हणून ऊस तिकडं पळतो. आमच्या गुळाला कसला आधार? आदल्या दिशी येक भाव, दुसऱ्या दिशी येक. वर तुमच्या गुजरातच्या पार्टीला गूळ हळदीगत पिवळा पायजे. खरा गूळ पिवळा नस्तो ओ! भेंडीच्या पाण्यानं मळी काढल्याला, चिपाडाच्या जाळावर आटवल्याला गूळ तांबूस असतोय. गुळव्या काकवीचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटानं गोळी वळती का बघतो, तवा कायल उतरती. चार मिंटं हिकडं तिकडं झालं की गेला. त्यो तांबूस गूळ यार्डात आणला की तुमीच म्हणता "काळा हाय, भाव कमी". मग गडी हायड्रॉस, रंग उजळायची पावडर, टाकतो आन् पिवळा करतो. रोग तुमचा, औषिद आमी घेतोय.

अडत्याचा_नातू

पिवळा आम्ही मागत नाही, गिऱ्हाईक मागतं.

गुऱ्हाळवाला

गिऱ्हाईकाला कुणी शिकिवलं मग?

नाद_खुळा_गॅलरी

अरे सामना कुठल्या मैदानावर चाललाय?? इथं फुटबॉल होतं ना 😂

भाकरी_आणि_पुस्तक

इतका वेळ गप्प वाचत होते. आता दोघांनाही, म्हणजे कारकून आणि दप्तरदार यांना, थोडं.

कारकून, तुमच्या वडिलांचा अर्धा दिवस कापला ते वाईटच. पण पाकीट झटकणारी आई तुमच्याच पोस्टमध्ये आहे, आणि तिला एका वाक्यात उरकून तुम्ही थेट लँकेशायरला गेलात. तो १८५० चा कायदा कुणासाठी होता माहिती आहे ना? बायका आणि अल्पवयीन पोरांसाठी. त्यांचे तास कमी केले आणि त्यांच्याशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषही दोनला सुटले. सुट्टी बायकांच्या नावावर मिळाली आणि सामन्याला गेले बाप्ये. बायका घरी जाऊन आठवड्याचे कपडे धूत बसल्या.

पुढचं ऐका. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईला गेले, कारखान्यात बायका आल्या. तुमच्याच त्या प्रेस्टनमध्ये डिक-कर नावाचा कारखाना, त्यातल्या पोरींचा संघ. २६ डिसेंबर १९२० ला एव्हर्टनच्या मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणूस. वर्षभरात, डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. "हा खेळ बायकांना सोसत नाही" म्हणे. पुढं जवळजवळ पन्नास वर्षं. खेळाचा आर्थिक इतिहास लिहायला बसलात तर हे पहिल्या पानावर यायला हवं, आणि तुमच्या तीन सोमवारच्या लेखांत मला कुठंच दिसलं नाही.

दप्तरदार, तुम्हालाही. "एक काहीतरी धरावं आणि तडीस न्यावं" हे सात वर्षं रोज दुपारी दप्तरात बसता येणाऱ्यानं सांगावं. मी बारावीनंतर हातातली पुस्तकं ठेवली ती बत्तिसाव्या वर्षी परत उचलली. चुलीपाशी पंधरा मिनिटं मिळतात, गॅसवर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. त्यात जे हाती येईल ते वाचते. कधी इतिहास, कधी शेअरबाजार, कधी मेस्सी. त्याच चिंध्या. पण गोधडी चिंध्यांचीच होते, आणि थंडीत तीच अंगावर घेतात.

(शाळेत असताना आम्ही पोरी मैदानावर चेंडू मारायचो. एका सरांनी चेंडू काढून घेतला, "लंगडी खेळा" म्हणाले. शाळेचं नाव घेत नाही. चेंडू माझ्या भावाचा होता, घरी गेल्यावर मार मलाच.)

चहा_कटिंग

शांतता. सगळे बाप्ये कुकरच्या शिट्ट्या मोजतायत.

दप्तरदार

बाई, आपण लिहिलेलं दोनदा वाचलं. दुपारचा मुद्दा मान्य. माझी पत्नी डबा घेऊन तिथवर यायची, मी मान वर न करता "ठेव" म्हणायचो. ते इथं लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

तरीही कारकुनांच्या भोंग्याला कागद लागतोच. त्यात सूट नाही.

कारकून_पेठेतला

कागद नाही माझ्याकडं. झालं समाधान? मिलमधले काही जण पेठेत राहायचे हे घरी ऐकलेलं, त्यावर मी बाकीचं रचलं. "भोंगा झाल्यावर" ते वाक्य काढतो. नावातली तालीम माझ्या डोळ्यासमोर रोज होती, जर्सीवर छापलेली, आणि मी वुलिचमध्ये शोधत होतो. मास्तरांनी झोडलं ते बरोबरच. पण झोडताना तुम्हीही आर्सेनल वापरलात, ते कुठल्या मोडी कागदात सापडलं?

ताई, तुमचं काय लिहू. आई अजून आहे. आत्ता वरच्या खोलीत जाऊन विचारलं की बाबा मॅचला जायचे तेव्हा तू काय करायचीस. म्हणाली, "तू बी जायचास न्हवं त्यांच्यासंगं, मग मी जरा पडायची." डिक-करवाल्या पोरींवर लिहीन, पण आधी तुम्हाला दाखवून.

आणि मास्तर, चिंध्या हा शब्द मी मागं घ्यायला लावणार होतो. ताईंनी त्याची गोधडी केली, आता राहू दे.

दप्तरदार

आर्सेनल मला नातवानं शिकवलं. त्याच्या खोलीत तोफेचं चित्र आहे. मॅच बघत पहाटे दोनला ओरडतो.

नाद_खुळा_गॅलरी

मास्तर गनर, म्हणजे आर्सेनलवाले, निघाले 😂😂 या की एकदा स्टेडियमला नातवाला घेऊन. फक्त हुल्लड सुरू झाली तर मागच्या दारानं पळा, पोलीस वय बघत नाहीत. गेल्या खेपेला मी काहीच केलं नव्हतं, तरी पोटरीवर वळ घेऊन आलो. नुसता वडापाव आणायला उठलेलो.

गुऱ्हाळवाला

आमच्या रुमालाचं काय झालं? कारकुनानं भोंगा काढला, रुमाल घातला का न्हाई लेखात?

कारकून_पेठेतला

घालतो. "हक्काची पेठ" ठेवतो, "हक्काचा दाम" काढतो. चाललं?

अडत्याचा_नातू

मग बिनव्याजी उचल पण घाला. नाहीतर एकतर्फी होतंय.

गुऱ्हाळवाला

घाला, घाला. फुडं कंसात लिव्हा: गूळ त्याच दुकानाला.

अडत्याचा_नातू

तुमचा तांबूस गूळ खरंच बिनसाखरेचा असेल तर पाच रवे पाठवा. यार्डात मी स्वतः फोडून बघतो आणि पिवळ्याच्या भावानं घेतो. आहे तयारी?

गुऱ्हाळवाला

धाडतो. पर वजन माझ्या काट्यावर करायचं, आन् बोटं उघडी ठेवायची.