मदत हवी आहे: रिपीटर नेटवर ओव्हर (बोलण्याच्या पाळ्या) एकमेकांवर चढतात

आमच्या व्हीएचएफ रिपीटरच्या (आलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राच्या) संध्याकाळच्या नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळच्या सामूहिक संवादात, नवे हॅम (हौशी रेडिओवाले) समोरच्याने पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) सोडताच आपलं दाबतात. मध्ये दोन सेकंदही मोकळे राहत नाहीत, मग तातडीचा ‘ब्रेक’ (मधे बोलू द्या अशी हाक) द्यायला जागाच उरत नाही. शिवाय सलग प्रसारणाची वेळ मोजणारा रिपीटरचा टाइमर रीसेट व्हायच्या आतच पुढचा सिग्नल येतो. 3 मिनिटं भरली की रिपीटर मधेच बंद पडतो आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दाबल्यावर अर्धा सेकंद न थांबल्यामुळे कॉलसाइनमधलं (स्टेशनच्या ओळखखुणेतलं) सुरुवातीचं ‘व्हीयू’ही कापलं जातं.

नेट कंट्रोलने (नेट चालवणाऱ्याने) हे हवेतच, म्हणजे रेडिओवरच, कुणाला ओशाळं न करता, कसं सांगावं? टाइमर कर्टसी बीपनंतरच (बोलणाऱ्याने बटण सोडल्यावर रिपीटर वाजवतो त्या बीपनंतरच) रीसेट होईल असं सेटिंग आहे; तुम्ही बीप किती उशिरा ठेवता? एक सेकंद पुरतो का?